जीपमधला आठ चॅनेलचा ऑप्टो बोर्ड: वेचणीपासून नवतप्यापर्यंत

कपाशीची वेचणी सुरू झाली त्या सुमारास आमच्या जुन्या डिझेल जीपमध्ये पीसी817 ऑप्टोकपलरचा (आतल्या एलईडीच्या उजेडातून सिग्नल पुढे देणारी, दोन सर्किट वेगळी ठेवणारी चिप) इनपुट बोर्ड आणि आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड बसवला. आता नवतपा संपत आलाय. काम एवढंच, की इंजिन बंद करून दिवे चालू राहिले किंवा दरवाजा नीट लागला नाही तर बझर वाजावा. घाटंजीकडे आमच्या शेतावर रात्री बॅटरी बसली, तर धक्का मारायलाही माणूस मिळत नाही.

बोर्ड चांगला आहे, पण तो टेबलावरच्या 12 व्होल्टसाठी बनवलाय. गाडी चालू असताना 14.4 व्होल्टपर्यंत येतात. इनपुटला ‘102’ छापलेला, म्हणजे 1 किलोओहमचा इवलासा रेझिस्टर आहे. ऑप्टोच्या एलईडीवर 1.2 व्होल्ट पडतात, उरलेले 13.2 या रेझिस्टरच्या माथी. हिशेब केला तर 0.17 वॅट, आणि 0805 आकाराच्या रेझिस्टरची क्षमता सहसा 0.125 वॅट. दिव्यांच्या चॅनेलला बोट लावलं की चटका बसायचा. प्रत्येक इनपुटला बाहेरून आणखी एक 1 किलोओहम, पाव वॅटचा जोडला. करंट निम्म्यावर आला, चटका गेला. स्टार्टर मारताना व्होल्टेज 8 पर्यंत पडलं तरी तीन मिलिअँपिअर मिळतात, ते ऑप्टोला पुरतात.

खरं डोकं खाल्लं हॉर्नने. मोठे भाऊ वैतागून म्हणायचे, “हॉर्न वाजवला का हे म्हनते दरवाजा उघडा हाये!” मल्टिमीटरवर काहीच दिसेना, कारण झटका क्षणभराचाच. हॉर्नचा रिले सुटताना त्याची कॉइल उलटा व्होल्टेज फेकते आणि दरवाजाची तार त्याच जुडग्यातून जाते. त्यात नॅनोचा आतला पुल-अप (सिग्नल नसताना पिन प्लसकडे ओढून धरणारा रेझिस्टर) 20 ते 50 किलोओहमचा, म्हणजे फारच कमजोर. कॉइलवर 1एन4007 डायोड उलटा लावला (पट्ट्याची बाजू प्लसकडे), ऑप्टोच्या आउटपुटला 4.7 किलोओहमचा पुल-अप आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, प्रोग्रॅममध्ये 50 मिलिसेकंदांचा डिबाउन्स टाकला, म्हणजे त्याहून कमी वेळचा झटका मोजायचाच नाही. तेव्हापासून खोटा बझर नाही. एकच उपाय करायचा असेल तर डायोड करा, दुखणं तिथेच आहे.

दरवाजाचा स्विच प्लस नाही, अर्थिंग (गाडीची बॉडी, म्हणजे मायनस) जोडतो. म्हणून त्या चॅनेलचा प्लस फ्यूजमधून 12 व्होल्टला आणि मायनस दरवाजाच्या तारेला. प्रत्येक चॅनेलची दोन्ही टोकं वेगळी असलेलाच बोर्ड घ्या, नाहीतर हे जमत नाही.

पांदण रस्त्याच्या दणक्यांनी स्क्रू टर्मिनल ढिले होतात. सोल्डर लावलेलं टोक स्क्रूखाली हळूहळू दबतं, म्हणून तारेच्या टोकाला पिन लग (धातूची छोटी पिन) दाबून घ्या. बोर्ड ग्लू गनने चिकटवू नका. उन्हात उभ्या गाडीत तो गोंद मऊ पडून माझा बोर्ड लोंबकळला होता, आता नायलॉनच्या स्पेसरवर स्क्रूने कसलाय.

पावसाआधी बोर्डवर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून वाचवणारा पातळ थर) मारतोय. टर्मिनल आधी चिकटपट्टीने झाकायचे, नाहीतर कोटिंग स्क्रूत जाऊन बसतं.