व्हॅरेनिक्लिनचा कोर्स आणि फोनमधलं ॲप : आठ महिन्यांनंतर

दोन वर्षांपूर्वी मी सिगरेट सोडण्यासाठी पहिल्यांदा व्हॅरेनिक्लिन सुरू केलं आणि चौथ्या आठवड्यात गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, माझं मीच ठरवलं. तलफ जेमतेम उरली होती, सिगरेट सुटलीच आहे असं वाटत होतं. पुढच्या पंधरा दिवसांत मी पुन्हा रोजच्या पंधरा सिगरेटींवर आलो.

या वेळी औषध तेच होतं, डॉक्टर तेच होते. नवीन होतं ते फक्त फोनमधलं गोळ्यांची नोंद ठेवणारं ॲप. कोर्स सुरू केला त्याला आता आठ महिने झाले आणि शेवटची सिगरेट ओढली त्याला साडेसहा. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. या प्रकारची बरीच ॲप्स साधारण सारखीच असतात, आणि मला जे सांगायचंय ते कुठलंही ॲप निवडताना उपयोगी पडावं.

आधी औषधाचं वेळापत्रक सांगतो, कारण ॲपची खरी परीक्षा तिथेच होते. पहिले 3 दिवस 0.5 मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तीच दिवसातून दोनदा, आणि आठव्या दिवसापासून 1 मिलिग्रॅमची दोनदा. असे एकूण 12 आठवडे. हिशोब केला तर 165 गोळ्या होतात. सिगरेट बंद करायची तारीख साधारणपणे आठव्या दिवसाची ठेवतात, म्हणजे पहिला आठवडाभर गोळी आणि सिगरेट दोन्ही चालू असतात. ॲपला हे समजत नव्हतं. त्याच्याकडे तारखेची एकच जागा होती. मी गोळी सुरू केल्याची तारीख टाकली, आणि चौथ्या दिवशी दहा-बारा सिगरेटी ओढून झालेल्या असताना स्क्रीनवर आलं, 'अभिनंदन! 3 दिवस धूरमुक्त.' ते वाचून मला फार वाईट वाटलं. महिन्याभराने आलेल्या अपडेटमध्ये दोन तारखा वेगळ्या झाल्या, पण नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात खोटं अभिनंदन मिळणं ही छोटी चूक नाही. ॲप निवडताना हे आधी तपासा.

अलार्म मी सकाळी आठ आणि रात्री साडेदहा असा लावला होता. सकाळी आठला पोटात काही नसायचं. गोळी घेतली की अकरापर्यंत मळमळ. ही गोळी काहीतरी खाऊन, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची असते. डॉक्टरांनी ते सांगितलंही होतं, पण अलार्म वाजला की माणूस अलार्मचं ऐकतो. नंतर सेटिंगमध्ये 'जेवणानंतर' असा पर्याय सापडला. त्यात ॲप आधी 'खाल्लं का?' विचारतं आणि 'हो' म्हटल्यावरच गोळीची आठवण करतं. मळमळ पूर्ण गेली नाही, पण सहन होण्याइतकी कमी झाली. रात्रीची गोळीही डॉक्टरांच्या सल्ल्याने अलीकडे आणून संध्याकाळच्या खाण्याला जोडली, कारण झोप नीट लागत नव्हती आणि स्वप्नं इतकी खरी वाटायची की उठल्यावर काही क्षण गोंधळायला व्हायचं.

तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस अलार्म वाजलाच नाही. फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप मागच्या मागे बंद केलं होतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपवरचं बंधन काढून टाकावं लागतं. हे पहिल्याच दिवशी करा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, ती. गोळीची वेळ टळली की ॲप दोन तासांनी विचारायचं, 'का चुकली?' खाली चार-पाच कारणं आणि स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा. सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा. पण मी प्रामाणिकपणे भरत गेलो, आणि 12 आठवड्यांनंतर ती यादी एकत्र पाहिली तेव्हा स्तब्ध झालो. 165 पैकी 19 गोळ्या चुकल्या होत्या, आणि त्यांतल्या फक्त 4 मी विसरलो होतो. बाकी 15 वेळा अलार्म वाजला होता, मी तो ऐकला होता, आणि गोळी घेतली नव्हती. 3 वेळा मळमळीच्या भीतीने. 4 वेळा मी लिहिलं होतं, 'आता बरं वाटतंय, गरज नाही.' उरलेल्या 8 सलग चार दिवसांच्या होत्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

गोळ्या चुकतात त्या विसरल्यामुळे, असं आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक ॲप्सही तेच धरून चालतात. म्हणून सगळा भर घंटेवर. पण मी ठरवून गोळी टाळत होतो, आणि ठरवून टाळणाऱ्याला घंटा कितीही मोठी वाजवली तरी काय फरक पडणार?

ते 'आता बरं वाटतंय' पाचव्या आठवड्यातलं होतं. पहिल्या वेळी मी जिथे घसरलो, जवळपास त्याच वळणावर. ॲपने ते कारण पाहून तीन-चार ओळींचा खुलासा दाखवला, आणि तो अगदी नेमका होता. निकोटीन मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक जागेवर, जाऊन बसतं, तिथेच व्हॅरेनिक्लिन बसतं. त्याला अर्धवट चेतवतं, म्हणून तलफ कमी होते. आणि जागा अडवून धरतं, म्हणून सिगरेट ओढलीच तरी नेहमीची मजा येत नाही. म्हणजे मला जे बरं वाटत होतं, त्यात गोळीचा मोठा हात होता. ती काढून घेतली की मी पुन्हा उघडा पडणार होतो. ही गोष्ट मला दोन वर्षांपूर्वी चौथ्या आठवड्यात कळायला हवी होती. डॉक्टरांनी कदाचित पहिल्या भेटीत सांगितलीही असेल, पण पहिल्या भेटीत ती लक्षात राहत नाही. गोळी हातात धरून 'घेऊ की नको' असं चाललेलं असतं, नेमकं तेव्हा ती समोर यायला हवी. ॲपने माझ्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम मी हेच मानतो.

सहाव्या आठवड्यात कामाचा ताण होता, बाहेर सगळे उभे होते, मी एक सिगरेट ओढली. ॲपमध्ये नोंद केली आणि 34 दिवसांचा आकडा शून्य झाला. मोठा, लाल शून्य. त्या शून्याने माझं जे नुकसान केलं ते सिगरेटने केलं नसतं. सगळं वाया गेलं असं वाटलं. चार दिवस मी ॲप उघडलं नाही आणि गोळ्याही घेतल्या नाहीत. त्याच त्या 8 गोळ्या.

त्यातून बाहेर काढलं ते ताईने. ॲपमध्ये एका व्यक्तीला आपली नोंद दाखवता येते, मी तिला जोडलं होतं. सलग दोन दिवस नोंद नाही म्हटल्यावर तिला सूचना गेली असणार. तिने सिगरेटबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाली, "गोळी का बंद केलीस?" मी कारण सांगितलं तर म्हणाली, "मग डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन कर." डॉक्टरांनी समजावलं की एखादी सिगरेट ओढली गेली म्हणून औषध थांबवायचं नसतं, उलट तेव्हाच ते चालू ठेवायचं. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट मात्रा घ्यायची नाही, नेहमीचीच पुढे चालू करायची.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. धूरमुक्त दिवस आणि घेतलेल्या गोळ्या यांचे आकडे वेगळे ठेवा, आणि एका सिगरेटीने सगळा प्रवास पुसू नका. मी तसं त्यांना लिहिलंही. उत्तर आलं नाही.

स्वप्नांमुळे आणि झोपेमुळे मी इंटरनेटवर वाचत सुटलो होतो आणि घाबरलोही होतो. व्हॅरेनिक्लिनने मनःस्थिती बिघडते असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2009 मध्ये औषधावर छापायला लावला होता. आठ हजारांहून जास्त लोकांवरचा मोठा अभ्यास झाल्यावर 2016 मध्ये तो काढला. जुने लेख मात्र तसेच फिरत राहतात. मनात काही विचित्र बदल जाणवला तर डॉक्टरांना सांगायचंच, पण जुन्या लेखाच्या भीतीने परस्पर औषध सोडू नका.

झोपेबाबत आणखी एक गोष्ट ॲपला सुचली नाही, ती डॉक्टरांनी ओळखली. सिगरेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करत असतं. धूर बंद झाला की हा वेग मंदावतो, आणि तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं. मी दुपारनंतरची कॉफी बंद केली आणि आठवड्याभरात झोप सुधारली. ॲप मात्र सगळा दोष गोळीवर टाकत होतं. 'झोप येत नाही' असं नोंदवलं की 'दिवसात चहा-कॉफी किती?' एवढा एक प्रश्न घातला, तर गोळी सोडायचं एक कारण कमी होईल.

माझी एक मैत्रीण हेच ॲप निकोटिन गमसाठी वापरते. तिचा अनुभव मिश्र आहे. गमला ठरलेली एक वेळ नसते. सुरुवातीच्या आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक घ्यायचा असतो. ती दिवसाला तीन-चारच घेत होती आणि 'गमने काही होत नाही' म्हणत होती. ॲपमधली मोजणी पाहिल्यावर तिचं तिलाच कळलं की ती फार कमी घेतेय. पण गम चघळायचा कसा, हे ॲपमध्ये कुठेच नव्हतं. साध्या च्युइंगगमसारखा सतत चावत राहिलं तर निकोटीन पोटात जातं आणि उचक्या लागतात. हळू चावायचा, चुरचुरायला लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, आणि आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस घ्यायचा नाही. हे तिला औषधाच्या दुकानात कळलं.

84व्या दिवशी ॲपने 'कोर्स पूर्ण' म्हणून फटाके उडवले आणि औषधाचा विभाग बंद केला. मला डॉक्टरांनी पुढचे 12 आठवडे सांगितले होते. सिगरेट सुटलेल्यांना ती टिकावी म्हणून असं देतात. सगळं पुन्हा हाताने भरावं लागलं, आधीची नोंद वेगळी पडली. लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी मी पहिल्या दिवशीच नाकारली, त्याने काही अडलं नाही.

फक्त ॲपच्या जोरावर सिगरेट सुटेल का? कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते. तिच्या 2019 च्या आढाव्यात आपोआप येणाऱ्या मेसेजचा उपयोग दिसला, पण ॲप्सबद्दल ठाम बोलण्याइतका पुरावा मिळाला नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. औषध डॉक्टरांचं, आणि ते पूर्ण होईपर्यंत धरून ठेवायला ॲप. ज्यांना फक्त विसरायला होतं त्यांना फोनचा साधा अलार्म पुरेल. ज्यांनी माझ्यासारखा कोर्स आधी एकदा मध्येच सोडलाय, त्यांनी 'का चुकली?' विचारणारंच ॲप घ्यावं, आणि त्याचं उत्तर खरं लिहावं.

दुसऱ्या 12 आठवड्यांत माझ्या 3 गोळ्या चुकल्या, तिन्ही विसरून. गोळ्या संपल्याला अडीच महिने झाले. अलार्म बंद केलेत, ॲप अजून फोनमध्ये आहे, आणि ताई अजूनही जोडलेली आहे.