रिकन्स्ट्रक्शननंतर प्रोटॉन रेडिएशन: हार्टसाठी उत्तम, स्किनसाठी मात्र तयारीत राहा

ताईचा ब्रेस्ट कॅन्सर डाव्या बाजूचा. मास्टेक्टॉमी झाली (स्तन काढला), त्याच ऑपरेशनमध्ये रिकन्स्ट्रक्शनसाठी, म्हणजे स्तनाचा आकार पुन्हा तयार करायला, एक्स्पांडर बसवला (पाणी भरून कातडी हळूहळू ताणणारी पिशवी, नंतर तिच्या जागी कायमचं इम्प्लांट बसतं), आणि बगलेतल्या लिम्फ नोडच्या गाठींत कॅन्सर निघाला म्हणून केमोनंतर रेडिएशन लागणारच होतं. हा रिव्ह्यू उपचाराचा आहे, हॉस्पिटलचा नाही, म्हणून नाव देत नाही. भारतात सध्या चेन्नईचं अपोलो (२०१९ पासून) आणि आपल्याकडे खारघरला टाटाचं अ‍ॅक्ट्रेक (२०२३ पासून), इथे प्रोटॉनची सोय आहे.

नेहमीचं एक्स-रेवालं रेडिएशन आरपार जातं, त्यामुळे डाव्या छातीला दिलं की मागे हार्ट आणि फुप्फुसालाही थोडं लागतंच. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जाऊन बहुतेक ताकद तिथेच सोडतो आणि थांबतो. हार्टला सरासरी एक ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस जास्त गेला तर पुढे हार्ट अटॅकसारख्या त्रासाची रिस्क मूळ रिस्कच्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असं २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. ताईला छातीच्या मधल्या हाडाजवळच्या लिम्फ नोडच्या गाठींनाही डोस द्यायचा होता आणि त्या हार्टच्या अगदी जवळ, म्हणून तिच्या बाबतीत फरक मोठा होता.

पण सगळ्यांनाच हे लागतं असं अजिबात नाही! उजवी बाजू असेल, किंवा श्वास रोखून देतात त्या साध्या रेडिएशनमध्येच हार्टचा डोस कमी येत असेल, तर एवढा खर्च कशाला? डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी ठेवून हार्टचे आकडे दाखवा. आम्ही ते बघूनच ठरवलं, आणि इन्शुरन्सशी भांडतानाही तेच कागद उपयोगी पडले.

आता एक्स्पांडरचं. बऱ्याच एक्स्पांडरच्या पोर्टमध्ये (जिथून पाणी भरतात ती जागा) मेटल आणि मॅग्नेट असतं. त्यामुळे सीटी स्कॅनमध्ये पट्टे येतात आणि प्रोटॉन नक्की किती खोल जाईल याचा हिशोब अवघड होतो. ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं कार्ड (कंपनी, मॉडेल) जपून ठेवा, पहिल्याच भेटीत ते मागतात, आणि खरं तर सर्जन आणि रेडिएशनच्या डॉक्टरांचं बोलणं ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवं. प्लॅनिंगच्या सीटीनंतर एक्स्पांडरमध्ये पाणी भरणं किंवा काढणं बंद, कारण आकार बदलला की प्लॅन चुकतो.

रोजच्या सेशनमध्ये बीम काही मिनिटांचाच, खरा वेळ पोझिशन जुळवण्यात जातो. हात डोक्यावर धरून निपचित पडायचं, आणि बगलेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडलेला असतो म्हणून ताईला हाच भाग सगळ्यात जड गेला, तेव्हा खांद्याची फिजिओथेरपी आधीपासून सुरू करा प्लीज. टेक्निशियन मुली फार मायेने करायच्या, "ताई, अजून थोडंच" म्हणत धीर द्यायच्या.

स्किनला प्रोटॉनमध्ये सूट मिळत नाही, उलट वरच्या कातडीला डोस जास्तच बसू शकतो. ताईची छाती लाल झाली, मग काळी पडली, बगलेत सोलली, आणि रेडिएशन संपल्यावरही काही दिवस वाढतच गेली. सैल सुती कपडे घाला, मलम फक्त डॉक्टरांनी दिलेलंच लावा. इम्प्लांटभोवती कडकपणा येण्याचा धोका प्रोटॉननेही टळत नाही, हे आम्हाला प्लास्टिक सर्जननी आधीच सांगितलं होतं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कातडी पूर्ण बरी होऊन मऊ पडेपर्यंत एक्स्पांडर काढून इम्प्लांट बसवायची घाई करायची नाही असं त्यांनी बजावलंय, त्यामुळे ते ऑपरेशन अजून बाकी आहे.