नमपाय (पायथनमधलं आकडेमोडीचं पॅकेज) २.० वर माझी लायब्ररी नेली, रिव्ह्यू देतोय

जून २०२४ मध्ये आलेलं हे व्हर्जन, २००६ नंतरचं पहिलं मोठं, त्यामुळे तोडफोड होणार हे गृहीतच होतं. पण खरं सांगू का, नावं बदलण्याचा भाग अगदीच किरकोळ निघाला. कॅपिटलवालं NaN गेलं, फ्लोट_ गेलं, ते सगळं रफ या कोड तपासणाऱ्या टूलचा एनपीवाय२०१ नियम लावला की आपोआप दुरुस्त होतं, चहा संपायच्या आत.

डोकं खातं ते टाइप प्रमोशन, म्हणजे दोन प्रकारचे आकडे एकत्र आले की उत्तर कुठल्या प्रकारात येणार याचा नियम. आधी फ्लोट३२ (३२ बिटांचा दशांश आकडा) च्या एकट्या स्केलरमध्ये, म्हणजे सुट्या आकड्यात, साधा पायथनचा ३.० मिळवला की उत्तर जास्त अचूक फ्लोट६४ यायचं, आता फ्लोट३२ च राहतं, एरर नाही वॉर्निंग नाही, फक्त शेवटचे आकडे हलतात आणि टेस्ट फेल झाल्यावर आपण टॉलरन्सला (किती फरक चालेल त्या मर्यादेला) शिव्या घालत बसतो. नियम आता जास्त सरळ आहे हे मान्य, पण जुना कोड त्या जुन्या वागण्यावरच उभा असतो ना! डॉकटेस्टचं (डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून तपासणाऱ्या टेस्टचं) तर विचारूच नका, रेप्र आउटपुटमध्ये ३.० च्या जागी एनपी.फ्लोट६४(३.०) दिसायला लागतं.

सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहून कंपाइल केलेला भाग) असेल तर रिबिल्ड करावंच लागतं, नमपायच्या जुन्या १.एक्सवर कंपाइल केलेलं इथे चालत नाही. उलट २.० वर बिल्ड केलेलं १.एक्सच्या बऱ्याच व्हर्जन्सवरही चालतं, ही सोय मात्र झकास, दोन दोन व्हील (इन्स्टॉलसाठी तयार पॅकेजेस) बनवायची कटकट वाचली. मायग्रेशन गाइडही चांगली लिहिलीये.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या गुपचूप बदलणाऱ्या आकड्यांसाठी.