कृषी केंद्राच्या कॉम्प्युटरचा बॅकअप : नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या जूनमध्ये, कपाशीच्या बियाण्याची गर्दी ऐन भरात असताना आमच्या पारोळ्याच्या दुकानातली हार्ड डिस्क गेली. दोन दिवस आधीपासून टकटक आवाज येत होता, मी पंख्याचा समजून सोडून दिला. बॅकअप म्हणून हाती लागला तो ३१ मार्चला सीए साहेबांसाठी भरलेला पेनड्राइव्ह. एप्रिल, मे आणि जूनचे अकरा दिवस साफ.

खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या २बी मधून (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची यादी) जुळवता आली. उधारीचं काय करणार? आपल्याकडे शेतकरी बी-खत जूनमध्ये नेतो आणि पैसे देतो कापूस विकल्यावर. मी आणि धाकटा भाऊ दहा रात्री कार्बनच्या पावत्या लावत बसलो. ज्या सापडल्या नाहीत, त्यांचा आकडा शेतकऱ्यांनाच विचारला. बहुतेकांनी खरा सांगितला, हेही लिहून ठेवतो.

मग हे घेतलं: १ टीबीच्या दोन एक्स्टर्नल डिस्क आणि गुगलची १०० जीबीची जागा. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा जेमतेम पाऊण जीबी, त्यामुळे एवढी जागा लागत नाही. पण बिलांचे स्कॅनही त्यातच टाकतो. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, म्हणून जुनं काही काढत नाही. एक डिस्क दुकानात, दुसरी घरी कपाटात साड्यांखाली. दर रविवारी अदलाबदल. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. व्हायरसने कॉम्प्युटरच्या फाइली कुलूपबंद केल्या तर लावलेली डिस्कही त्यातच जाते, आणि आमच्या गल्लीतलं व्होल्टेज तर विचारूच नका.

सुरुवातीला भाच्याने एक सॉफ्टवेअर टाकून दिलं, रोज रात्री नऊला आपोआप कॉपी करणारं. पहिला त्रास विजेचा. नऊला लाइट गेली की यूपीएस पंधरा मिनिटं टिकायचा आणि कॉपी अर्धवट राहायची. वेळ बदलून दुपारी दोनची, जेवणाच्या सुट्टीतली केली. टॅली बंद असताना कॉपी झालेली केव्हाही बरी.

दुसरा त्रास माझ्या लक्षातच आला नव्हता. रोज हिरवी खूण यायची, मी निवांत. दिवाळीच्या आधी सहज म्हणून घरच्या लॅपटॉपवर बॅकअपमधला डेटा रिस्टोअर करून, म्हणजे परत चढवून, पाहिला, तर शेवटची एंट्री १९ ऑगस्टची! ऑगस्टमध्ये टॅली अपडेट करताना डेटाचा फोल्डर बदलला होता, आणि सॉफ्टवेअर इमानेइतबारे जुनाच फोल्डर उचलत होतं. त्या दिवशी डिस्क गेली असती तर पुन्हा कार्बनच्या पावत्या.

आता ऑल्ट+वाय दाबून बॅकअप मी स्वतः घेतो, रोज तारखेच्या नावाचा वेगळा फोल्डर. त्याच फोल्डरमध्ये घेत राहिलो तर आमच्या टॅलीत जुन्यावर नवा चढतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी रिस्टोअर करतो आणि दोनच आकडे बघतो, आदल्या दिवशीची रोकड आणि कुठल्याही एका शेतकऱ्याची बाकी. रिस्टोअर नेहमी रिकाम्या फोल्डरमध्ये करा, नाहीतर चालू डेटावर जुना बसेल.

गुगलवर फोल्डर नुसता सिंक करून ठेवला की झालं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. इथली फाइल उडवली की वरचीही उडते, आणि तिथल्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. म्हणून मी तारखेचे फोल्डर वेगळे अपलोड करतो. कंटाळवाणं आहे, कबूल.

खरा उपयोग फेब्रुवारीत झाला. दुकानातल्या नवीन पोराने चुकून टॅलीतली चालू वर्षाची कंपनीच, म्हणजे दुकानाचा सगळा हिशेब, डिलीट केली आणि पांढराफटक पडून माझ्याकडे बघत बसला. आदल्या दुपारचा बॅकअप टाकायला वीस मिनिटं लागली, नंतरची सात बिलं हाताने चढवली.

दुसऱ्याच दिवशी एक आबा कापसाचे पैसे घेऊन आले. "भाऊ, मन्हा नावे कितलं शे?" स्क्रीनवर १८,६४० होते, त्यांच्या खिशातल्या डायरीत १८,६००. चाळीस रुपयांवर दहा मिनिटं गेली. शेवटी सुतळीचं बंडल निघालं.