चौदा तासांची नोकरी आणि भत्ता: ब्रिटनमध्ये ईएसए बरा की युनिव्हर्सल क्रेडिट?

दीर्घ आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे नोकरी सुटलेल्या माणसाला दोन-तीन वर्षांनी थोडे बरे वाटू लागते, एखाद्या वाचनालयात किंवा दवाखान्याच्या स्वागतकक्षात आठवड्याला बारा-चौदा तासांचे काम मिळण्यासारखे असते, आणि घरात पहिला प्रश्न पगाराचा न निघता ‘भत्ता बंद होईल का?’ हाच निघतो. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांत याचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर दिले जाते. कोणी सांगते की सोळा तासांच्या आत राहा म्हणजे झाले. कोणी सांगते की तासांची अट आता उरलेलीच नाही. दोघांचेही खरे असते, कारण पहिला न्यू स्टाइल ईएसएबद्दल (एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स, म्हणजे आजारामुळे काम न झेपणाऱ्यांचा, भरलेल्या विमा-हप्त्यांवरचा भत्ता) बोलत असतो आणि दुसरा युनिव्हर्सल क्रेडिटबद्दल (घरातले उत्पन्न व बचत पाहून मिळणारा भत्ता). काम स्वीकारण्यापूर्वी आपण यांपैकी कशावर आहोत, किंवा कशावर असावे, हे ठरवणे पगाराच्या दराइतकेच महत्त्वाचे आहे. पुढचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. ते दर एप्रिलमध्ये बदलतात, परंतु हिशेबाची रीत सहसा बदलत नाही.

तुलनेआधी पीआयपी (पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट, म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठीचा भत्ता) बाजूला काढून ठेवू, कारण सर्वांत जास्त भीती याच भत्त्याबद्दल असते आणि ती बरीचशी अनाठायी असते. पीआयपी देताना तुमचे उत्पन्न, बचत किंवा जोडीदाराचा पगार पाहिला जात नाही. तुम्ही पूर्णवेळ नोकरी करत असाल तरी दैनंदिन गरजांचा वरचा दर, म्हणजे आठवड्याला ११०.४० पौंड, मिळू शकतो. (स्कॉटलंडमध्ये याच्या जागी अॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे.) मात्र नोकरीचे स्वरूप आणि अर्जातील मजकूर एकमेकांशी जुळले पाहिजेत. अर्जातील स्वयंपाकाच्या कलमात ताज्या जिन्नसांपासून एका माणसापुरते साधे जेवण सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत करता येते का, एवढेच विचारलेले असते. पुरणावरणाचा स्वयंपाक तिथे कोणी अपेक्षित धरत नाही. त्या कलमाखाली ज्यांनी ‘हातात बळ नाही, भरलेला कुकर उचलता येत नाही’ असे लिहिले आहे, त्यांनी नंतर दुकानात खोकी रचण्याचे काम घेतले, तर फेरतपासणीच्या वेळी हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले जाणारच. खुर्चीवर बसून फोन घेण्याच्या कामाला ही अडचण येत नाही.

आता ईएसए. हा भत्ता तुम्ही पूर्वी भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सच्या (सामाजिक विम्याच्या) हप्त्यांवर मिळतो, सर्वसाधारणपणे अर्जाआधीच्या दोन पूर्ण कर-वर्षांतील भरण्यावर. सपोर्ट ग्रुपमध्ये (ज्यांच्याकडून कामाच्या तयारीची अपेक्षा नसते अशांच्या गटात) असाल तर आठवड्याला १४०.५५ पौंड आणि मुदतीची अट नाही. दुसऱ्या गटात ९२.०५ पौंड आणि तेही ३६५ दिवसांपुरतेच. यावर असताना काम करण्याच्या सवलतीला परमिटेड वर्क म्हणतात. अटी दोन आहेत: आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी काम आणि कर वगैरे जाऊन १९५.५० पौंडांपर्यंत कमाई. या दोन्ही पाळल्या तर भत्त्यातून एक पेनीही कापली जात नाही. किमान वेतन ताशी १२.२१ पौंड धरले, तर चौदा तासांचे १७०.९४ पौंड होतात आणि भत्त्यासह आठवड्याची रक्कम ३११.४९ पौंडांवर जाते.

परंतु ही सवलत भिंतीसारखी आहे. भिंतीच्या अलीकडे सगळे तुमचे आणि पलीकडे काहीच नाही. शिवाय ज्यांचा दर चांगला आहे त्यांना ही भिंत तासांच्या मर्यादेआधीच आडवी येते. ताशी १५ पौंड मिळत असतील आणि काही कपात होत नसेल, तर १३ तासांचे १९५ पौंड होतात. अर्धा तास वाढला की २०२.५० पौंड, म्हणजे मर्यादेबाहेर. सहकारी आजारी पडली म्हणून एक जादा पाळी करण्याची विनंती येते, तेव्हा मराठी माणसाला ‘नाही’ म्हणणे जड जाते. ईएसएवर असताना ते म्हणता आले पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी पीडब्ल्यू१ हा फॉर्म भरून कळवावे लागते. ‘पगार सुरू झाल्यावर बघू’ ही आपली नेहमीची पद्धत इथे महागात पडते.

ईएसएची आणखी एक बाजू सहसा कोणी सांगत नाही: हा भत्ता करपात्र आहे. वरच्या उदाहरणात वर्षाचा भत्ता ७,३०८.६० आणि पगार ८,८८८.८८, मिळून १६,१९७.४८ पौंड होतात. १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा वजा केली, तर उरलेल्या रकमेवर इंग्लंडमध्ये वीस टक्क्यांनी सुमारे ७२५ पौंड कर बसतो, आणि तो पगारातून वळता होत असल्याने पहिली पगारचिठ्ठी पाहून मालकानेच काही चूक केली असे वाटते. चूक नसते.

युनिव्हर्सल क्रेडिटची रचना याच्या उलट, उताराची आहे. एकट्या, पंचविशी ओलांडलेल्या माणसाला महिन्याला ४००.१४ पौंड मूळ रक्कम मिळते आणि काम करण्याची क्षमता फारच मर्यादित असल्याचा निर्णय झाला असेल, तर तिच्यात ४२३.२७ पौंडांची भर पडते. भाड्याचे घर असेल तर भाड्यासाठीही रक्कम मिळते. क्षमता मर्यादित ठरलेल्यांच्या कमाईचा पहिला भाग मोजलाच जात नाही: भाड्याची मदत घेणाऱ्यांसाठी महिन्याला ४११ पौंड, न घेणाऱ्यांसाठी ६८४ पौंड. याला वर्क अलाउन्स म्हणतात. त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स भत्त्यातून कमी होतात. तीच चौदा तासांची नोकरी इथे धरली, तर महिन्याचा पगार ७४०.७४ पौंड होतो. भाडेकरूच्या भत्त्यातून १८१.३६ पौंड जातात आणि पगारातले ५५९.३८ पौंड पदरात राहतात. तास अठरा केले तर ६५४.६२ पौंड राहतात. म्हणजे वाढीव चार तासांचे मोल ताशी साडेपाच पौंडांच्या आसपास उतरते, जे कमी वाटेल, पण ईएसएवर तेच चार तास वाढवले असते तर सगळा भत्ताच गेला असता.

पैशांचा सरळ हिशेब केला तर निकाल अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा लागतो. भाडे नाही, जोडीदार नाही, बचत जवळपास नाही अशा माणसाला चौदा तासांच्या नोकरीसह ईएसएवर कर जाऊन महिन्याला सुमारे १,२८९ पौंड मिळतात, तर युनिव्हर्सल क्रेडिटवर १,५३२.९४ पौंड, आणि युनिव्हर्सल क्रेडिटवर कर नाही. मात्र एप्रिल २०२६ पासून नव्याने पात्र ठरणाऱ्या बहुतेकांना ती ४२३.२७ पौंडांची भर २१७.२६ पौंडच मिळते. अत्यंत गंभीर व आयुष्यभराच्या आजारांचे रुग्ण आणि आधीपासूनचे लाभार्थी यांतून वगळलेले आहेत. बाकीचे आकडे तेच धरले तर नव्या अर्जदाराची रक्कम १,३२७ पौंडांवर येते आणि दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच होतात. जे आधीपासून युनिव्हर्सल क्रेडिटवर आहेत त्यांनी म्हणूनच तो दावा सहजासहजी सोडू नये. दोन्ही भत्ते एकत्र घेता येतात, पण ईएसएची रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून पौंडास पौंड वजा होते आणि भिंत व उतार, दोन्ही नियम एकाच वेळी लागू राहतात.

युनिव्हर्सल क्रेडिटमधला पगाराच्या तारखांचा एक फटका इथे आधीच सांगायला हवा. बऱ्याच दुकानांत आणि देखभाल-संस्थांत दर चार आठवड्यांनी पगार होतो. चौदा तासांप्रमाणे तो ६८३.७६ पौंड होतो, म्हणजे ६८४ पौंडांच्या सवलतीत चोवीस पेन्स राखून बसणारा, आणि अकरा महिने भत्त्यातून काहीच कापले जात नाही. वर्षातून एका महिन्याच्या हिशेबात मात्र असे दोन पगार येतात. सवलत एकदाच मिळते आणि भत्त्यातून एकदम ३७५.९४ पौंड जातात. तो महिना कोणता हे स्वतःच्या हिशेबाच्या तारखेवरून आधीच काढता येते, तेव्हा त्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत.

हे सर्व आकडे एकट्या माणसाचे झाले. आपल्याकडच्या घरांत खरा निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्याच दोन गोष्टींवर होतो. पहिली म्हणजे जोडीदाराचा पगार. युनिव्हर्सल क्रेडिट पती-पत्नींचा मिळून हिशेब करते; भाड्याची मदत व मुले नसतील, तर एकाच्या हातात महिन्याला सुमारे २,६०० पौंड येत असल्यास दुसऱ्याच्या आजारपणाचा भाग धरूनही भत्ता शून्यावर येतो. सॉफ्टवेअरच्या नोकरीतल्या जोडीदाराच्या घरी हे सहज घडते. ईएसए जोडीदाराच्या पगाराकडे पाहतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भारतातील घर. युनिव्हर्सल क्रेडिटसाठी १६,००० पौंडांपेक्षा जास्त भांडवल असेल तर दावा संपतो, आणि पुण्यात किंवा ठाण्यात स्वतःच्या नावावर असलेला फ्लॅट हे भांडवलच आहे. सोसायटीच्या भागपत्रावर किंवा सातबाऱ्यावर भावाबरोबर नाव लागलेले असेल, तर आपला हिस्सा मोजला जातो. ‘तो तर गावाकडचा वाडा आहे, त्याचे काय सांगायचे’ ही समजूत धोक्याची आहे, कारण दडवलेली मालमत्ता पुढे उघड झाली की दिलेला भत्ता परत मागितला जातो. यात एक महत्त्वाची सूट आहे: त्या घरात ब्रिटनच्या निवृत्तिवेतनाचे वय, म्हणजे जन्मतारखेनुसार ६६ ते ६७ वर्षे, गाठलेले आई-वडील किंवा सासू-सासरे राहत असतील, तर ते घर मोजले जात नाही. ते गेल्यावर, किंवा घर भाड्याने दिल्यावर, ही सूट राहत नाही. ईएसएला बचतीची किंवा मालमत्तेची कोणतीच मर्यादा नाही.

व्हिसाधारकांसाठी आणखी एक फरक आहे. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेण्यास मनाई आहे, त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट आणि पीआयपी सर्वसाधारणपणे घेता येत नाही. न्यू स्टाइल ईएसए भरलेल्या हप्त्यांवर मिळत असल्याने त्या यादीत मोडत नाही. तरीही तास कमी केल्याने व्हिसाच्या पगाराच्या अटीवर काय परिणाम होईल, हे वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हणून माझे मत असे: जोडीदार कमावता असेल किंवा भारतात मोजली जाणारी मालमत्ता असेल, तर ईएसए घ्यावा, सोळाच्या आतले ठरावीक तास लेखी घ्यावेत आणि जादा पाळ्यांना नकार द्यावा. एकटे असाल, भाड्याने राहत असाल आणि संधिवात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा कधी चढणारा, कधी उतरणारा आजार असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिटचा उतार जास्त माणुसकीचा आहे. एखाद्या महिन्यात आठवड्याला पंचवीस तास जमले आणि पुढच्या महिन्यात पाचच जमले, तरी भत्ता त्या प्रमाणात खालीवर होतो. काम झेपले नाही तर परतीची वाट ईएसएमध्ये बारा आठवड्यांपर्यंत सोपी असते, कारण तेवढ्या खंडातला नवा अर्ज जुन्याला जोडला जातो. कमाईमुळे शून्यावर आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ती साधारण सहा महिने उघडी असते. पीआयपी मिळण्यासारखा असेल तर तो अर्ज नोकरीआधी करावा, कारण पीआयपी नसताना सोळा तासांच्या किमान वेतनाइतकी कमाई सुरू झाली, तर युनिव्हर्सल क्रेडिटसाठी आजाराची तपासणीच नव्याने मागता येत नाही.