क्रॉप की फुल फ्रेम? दसऱ्यापासून दोन्ही वापरल्यानंतर

गेल्या दसऱ्यापासून माझ्या बॅगेत दोन बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसते कॅमेरे, आहेत. जुनी सोनी ए६४००, म्हणजे क्रॉप सेन्सरची (प्रकाश टिपणारी चिप लहान), आणि सेकंडहँड घेतलेली ए७ थ्री, फुल फ्रेम (चिप मोठी). दोन्ही २४.२ मेगापिक्सेलच्या आणि दोघींचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, एकच, त्यामुळे तुलनेला ही जोडी फार सोयीची. माझं बहुतेक काम दिवेलागणीनंतरचं: नाटकं, मिरवणुका, गर्दीतले चेहरे. फ्लॅश मी लावत नाही. नाटकात तो चालत नाही, आणि मिरवणुकीत तो दिव्यांचा सगळा रंग मारून टाकतो.

आधी हिशोब. फुल फ्रेम सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटरचा, सोनीचा क्रॉप २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त. अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) आणि शटर (प्रकाश किती वेळ आत येतो ते) तेच ठेवलं तर फुल फ्रेमवर एकूण प्रकाशही तेवढ्याच पटीने जास्त पडतो, म्हणजे सुमारे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे मुळात प्रकाश कमी मिळाल्याचे असतात, आयएसओ, म्हणजे फोटो उजळ करणारी सेटिंग, वाढवल्यावर ते फक्त उघड्यावर येतात. हा सव्वा स्टॉप खरा आहे, स्क्रीनवर स्पष्ट दिसतो. पण लेन्सशी ताडून बघा. ३० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या (आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) आसपास किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी झूम, एफ/४.५ किंवा त्याहून बंद झालेली असते (एफचा आकडा मोठा, तेवढं भोक लहान). तिथे एफ/१.४ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, लावली की तीन स्टॉपहून जास्त मिळतात, तेही बॉडी न बदलता. ज्याच्याकडे अजून किट लेन्सच आहे, त्याने फुल फ्रेमचा विचार आत्ता करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात रात्री पुस्तकांचे स्टॉल गजबजलेले असतात. वर टांगलेला एक एलईडी बल्ब, बाकी सगळा अंधार. मी ए६४०० वर सिग्मा ३० एफ/१.४ लावून फिरत होतो. एका स्टॉलवर एक आजी पुस्तक बल्बाखाली धरून मुखपृष्ठावरची अक्षरं बोटाने एकेक करून वाचत होत्या. पांढऱ्या कागदावरून उलटलेला उजेड त्यांच्या हनुवटीवर आणि चष्म्याच्या काडीवर पडला होता. शटर १/१२५, आयएसओ १६००. त्या फोटोची १२ बाय १८ इंची प्रिंट घरात लावली आहे, सुरकुती न् सुरकुती मोजता येते. हाच फोटो फुल फ्रेमवर ५० एफ/१.८ ने काढला असता, तर प्रकाशाचा फायदा अर्ध्या स्टॉपहूनही कमी होता. क्रॉपवरचा ३० एफ/१.४ फुल फ्रेमच्या हिशोबाने (दोन्ही आकडे दीडपट) ४५ एफ/२.१ च्या जवळ जातो, म्हणून. हा हिशोब दुकानात कोणी सांगत नाही.

फुल फ्रेमचे पैसे वसूल झाले ते नाटकात. सभागृहात जागेवरून हलता येत नाही, झूम लागतोच, आणि माझ्या दोन्ही झूम एफ/२.८ च्या: क्रॉपवर टॅमरॉन १७-७०, फुल फ्रेमवर टॅमरॉन २८-७५. वजनही जवळपास सारखंच. इथे सव्वा स्टॉप पूर्णच्या पूर्ण पदरात पडतो. नट वळतो, हात उचलतो, तेव्हा १/२०० च्या खाली गेलं की फोटो हलतो. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आपला हात सांभाळतं, नटाला थांबवत नाही. मंद निळ्या प्रकाशाच्या प्रवेशात दोन्हीकडे आयएसओ ६४००. क्रॉपवर काळ्या कोटाची बाही आणि मागचा काळा पडदा एकमेकांत मिसळून गढूळ होतात. ए७ थ्रीवर बाहीची शिवण दिसते, खांद्याची कड पडद्यापासून सुटी होते. फोकसही अंधारात लवकर बसतो. सोनीच्या आकड्यांत ए६४०० ची मर्यादा उणे २ ईव्ही (उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार), ए७ थ्रीची उणे ३. प्रवेश उजळायच्या आधीच्या क्षणात हा फरक कळतो.

पण लाल किंवा जांभळा एलईडी थेट चेहऱ्यावर आला, तर कुठलाच सेन्सर वाचवत नाही. एक रंग जळतो आणि गाल प्लास्टिकचे दिसतात. एक्स्पोजर खाली खेचा, हाच उपाय. आणि आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावत असाल, तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवा. दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ला पट्टे सहसा टळतात, त्यापेक्षा वेगात गेलं की फोटोभर आडवे पट्टे.

मागच्या रांगेत जागा मिळाली तर गणितच उलटतं. ७५ मिलिमीटरला नट बोटाएवढा दिसतो, मग फुल फ्रेमचा फोटो कापावा लागतो. क्रॉपएवढा कापला की १० मेगापिक्सेल उरतात आणि सव्वा स्टॉपही गेला. लांबून काढणाऱ्याने आधी लांब लेन्सचं बघावं.

नागपूरच्या पोद्दारेश्वर राम मंदिराच्या रामनवमी शोभायात्रेला मी मुद्दाम क्रॉपच नेतो. ४०३ ग्रॅमची बॉडी, एक छोटी प्राइम, गर्दीत हात वर करून धरता येते. मात्र तिची बॅटरी लहान, जोडीला दोन जादा लागतात. ए७ थ्री एका बॅटरीवर रात्र काढते.

पेंचच्या जंगलात आकाशगंगेसाठीही गेलो. २०२४ पासून ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, आहे. क्रॉपवर १६ मिलिमीटर एफ/१.४, १५ सेकंद, आणि काम छान होतं. आपल्याकडचा खरा शत्रू मे महिन्याची रात्र. सेन्सर तापला की लांब एक्स्पोजरमध्ये रंगीत ठिपके उठतात, क्रॉप असो की फुल फ्रेम. सहा-आठ अंश तापमान वाढलं की हा त्रास जवळजवळ दुप्पट होतो. डार्क फ्रेम, म्हणजे लेन्स झाकून तेवढ्याच वेळेचा फोटो, घ्याच; तो मूळ फोटोतून वजा करून ठिपके काढता येतात.

लग्नाची कामं घेणारी पोरं विचारतात, ‘भाऊ, फुल फ्रेम घेऊन टाकू का?’ मंगल कार्यालयात झूमवरच काम असेल, फ्लॅश टाळायचा असेल, आणि एफ/२.८ ची झूम त्याच बजेटमध्ये बसत असेल, तर घे. बॉडी घेऊन एफ/४ वर थांबणार असशील, तर एक स्टॉप तिथेच परत गेला. त्यापेक्षा क्रॉपला एफ/१.४ च्या दोन प्राइम घे. माझी पुढची खरेदी फुल फ्रेमसाठी ८५ एफ/१.८, पुढचा नाट्यमहोत्सव लागायच्या आत.