पुस्तकाचं साहित्य कुठे लावायचं: स्क्रिव्हनर, झोटेरो की कार्डं?

गोव्यात राहून गोव्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्याचं साहित्य एका भाषेत नसतं, एका लिपीत नसतं आणि पुष्कळदा टाइप केलेला मजकूरही नसतं. माझा विषय तिसवाडी-बारदेशातली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेली शेती. बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारं), कोमुनिदादींचे म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे हिशेब आणि १९६१ला गोवा मुक्त झाल्यानंतर या सगळ्याचं काय झालं, हे मला लिहायचं आहे. पणजीच्या पुराभिलेख खात्यातल्या पोर्तुगीज हस्ताक्षरातल्या कागदांची टिपणं आहेत. पाट्टोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाहिलेली वर्तमानपत्रं आहेत, चोडण-दिवाडीच्या शेतकऱ्यांच्या फोनवर घेतलेल्या मुलाखती आहेत, शिवाय कायदे आणि अहवालांच्या पीडीएफ. प्रकरणं लिहायला घेण्याआधी हे कुठे आणि कसं लावायचं, यावर मी स्क्रिव्हनर (लेखनाचं सॉफ्टवेअर), झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि कागदी कार्डं या तिन्ही मार्गांनी बराच काळ काम केलं आहे. ज्यांना आता निवड करायची आहे त्यांच्यासाठी हा अनुभव. तुमचं साहित्य वेगळ्या जातीचं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकेल.

स्क्रिव्हनरबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. खिडकी दुभागून एका बाजूला मुलाखत ऐकायची आणि दुसऱ्या बाजूला उतरवून घ्यायची, हे काम त्याच्याइतकं सुखाचं मला इतरत्र झालं नाही. डाव्या हाताच्या बाइंडरमध्ये, म्हणजे फोल्डरांच्या यादीत, पुस्तकाचा सांगाडा सतत डोळ्यांसमोर राहतो. कॉर्कबोर्डवर, म्हणजे पडद्यावरच्या कार्डांच्या फळीवर, प्रकरणं पुढे-मागे सरकवताना विचारही सरकतो. ज्याला पुस्तकाचा क्रम आधीच दिसतो त्याने फार शोधाशोध करू नये, हेच घ्यावं. उदाहरणार्थ, गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं का यावरच्या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलावर लिहिणाऱ्याची प्रकरणं बरीचशी तारखांनीच पडतात.

माझी पडत नव्हती. आणि इथेच ती एक गोष्ट आली जिने माझ्यापुरता निकाल लावला.

मानशीच्या पावणीचा, म्हणजे लिलावाचा, एक कागद घ्या. मानस म्हणजे बांधातलं ते दार, भरतीचं पाणी बाहेर रोखणारं आणि ओहोटीला आतलं पाणी सोडणारं. तिथे मासळी धरण्याच्या हक्काची पावणी होते आणि त्या पैशांवर बांधांची डागडुजी चालावी असा जुना रिवाज. पण पावणी घेणाऱ्याला मासळी हवी असते. तो खारं पाणी गरजेपेक्षा जास्त आत घेतो, त्याने शेत खारावतं आणि बांधाचा पाया झिजतो. आता हा कागद कुठल्या प्रकरणात जाणार? बांधाच्या रचनेच्या प्रकरणाला तो लागतो, कोमुनिदादीच्या उत्पन्नाला लागतो आणि १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली त्या प्रकरणाला तर हवाच. बाइंडरमध्ये प्रकरणवार फोल्डर केले की त्याच्या तीन प्रती होतात. पुढे कधीतरी हस्ताक्षर नीट लागतं, ठेकेदाराचं आडनाव किंवा रक्कम बदलते, ती दुरुस्ती एका प्रतीत होते आणि उरलेल्या दोन जुन्याच वाचनावर राहतात. लिहिताना हातात कोणती प्रत येईल याची खात्री नाही. त्याहून त्रासाचं म्हणजे, त्या टिपणातला एक परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला की गठ्ठा कुठला, पान कुठलं, हे मूळ ठिकाणी मागे राहतं. हाती उरतो नुसता मजकूर. तळटीप लिहायच्या वेळी पुन्हा पणजी गाठायची, चिठ्ठी भरायची आणि तो खंड वर येईपर्यंत थांबायचं.

स्क्रिव्हनरमध्ये कलेक्शन (निवडक टिपणांच्या याद्या) आणि बुकमार्क आहेत, त्यांनी एकच टिपण अनेक ठिकाणांहून उघडता येतं, हे मान्य. शिस्तीच्या माणसाला ते पुरेल. पण बाइंडर समोर असला की हात आपोआप प्रकरणाचं फोल्डर करायला जातो आणि ज्या टप्प्यावर प्रकरणंच ठरायची असतात तिथे मला ते नको होतं.

झोटेरोत सगळं उलट बाजूने सुरू होतं. तिथे आधी साधन येतं आणि टिपण त्याच्या पोटात. हस्तलिखित असेल तर दप्तर कुठलं, दप्तरातली जागा कुठली, यासाठी वेगळे रकाने आहेत. मुलाखतीलाही स्वतःचा प्रकार आहे. टिपण नेहमी आपल्या कागदाखालीच लिहायचं अशी सवय ठेवली की ते पोरकं होत नाही. मी प्रत्येक संभाव्य प्रकरणाचं एक कलेक्शन केलं. तो पावणीचा कागद तीन कलेक्शनमध्ये दिसतो पण असतो एकच, त्यामुळे आडनाव एकदा सुधारलं की तिन्हीकडे सुधारतं. एखाद्या प्रकरणातून तो काढायचा ठरला तर डिलीट दाबल्यावर त्या कलेक्शनमधून जातो, लायब्ररीत राहतो. सहाव्या प्रकरणाचे दोन भाग केले तेव्हा मला एकही कागद हलवावा लागला नाही, फक्त नवीन कलेक्शन करून त्यात ओढले. आणि ‘अनफाइल्ड आयटम्स’ नावाची एक यादी आहे, तिच्यात अजून कुठल्याच प्रकरणाला न लागलेलं सगळं दिसतं. मी महिन्यातून एकदा ती चाळतो. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाच्या १५२६च्या फोराल नावाच्या सनदेवरची टिपणं तिथे बराच काळ पडून होती. गावकरीचे, म्हणजे कोमुनिदादीच्या जुन्या रूपाचे, रिवाज नोंदणारा तो मूळ दस्तऐवज, म्हणून मी त्याला पहिल्या प्रकरणात बसवू पाहत होतो. यादीत पुन्हा पुन्हा समोर येत राहिल्यावर कळलं की त्याची जागा १९६१च्या कोमुनिदाद संहितेच्या (कोमुनिदादींच्या कायद्याच्या) शेजारी आहे.

शोधाबद्दल मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरकडून फार आशा ठेवू नका. कागदांचे फोटो शोधात येत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मराठी पीडीएफमध्ये ‘बांध’ शोधला तर काही हाती लागत नाही, जरी पानोपानी तोच शब्द असला तरी. ‘ओ एराल्दो’ हे गोव्यातलं दैनिक १९०० पासून पोर्तुगीजमध्ये निघत होतं आणि १९८३ साली इंग्रजी झालं, म्हणजे एकाच पत्रातल्या बातम्या दोन भाषांत. यावर मला एकच उपाय लागू पडला. प्रत्येक कागदाखाली मराठीत दोन-तीन ओळींचा सारांश स्वतः टाइप करायचा आणि गावाच्या नावाचा टॅग एकाच रूपात लावायचा. चोडणचा कागद कुठल्याही भाषेतला असो, टॅग चोडण. वेळ जातो, पण तो सारांश लिहितानाच कागद खरा वाचून होतो.

झोटेरोच्या उणिवाही सांगायला हव्यात. फायलींसाठी फुकट जागा फक्त ३०० एमबी मिळते आणि दप्तरातल्या फोटोंनी ती लगेच संपते. मी फायली माझ्याच मशीनवर ठेवतो आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतो. सुटे फोटो एका दस्तऐवजाखाली जुळवायला ट्रॉपी हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर जास्त सोयीचं आहे, तेही फुकट. दिसायला झोटेरो रुक्ष आहे. आणि क्रम लावायला ते मुळीच मदत करत नाही, त्यात कॉर्कबोर्डासारखं काही नाही.

तिथे कार्डं येतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांच्या सुमारे ९० हजार कार्डांचा दाखला सगळे देतात, पण तो आयुष्यभराचा संग्रह होता, एका पुस्तकाची तयारी नव्हती. सगळं संशोधन कार्डांवर ठेवणं आपल्या हवेत मला जोखमीचं वाटतं. आषाढ-श्रावणात कागद दमट होतो, बुरशी धरतो आणि दुसरी प्रत नसते. मात्र एका प्रकरणापुरती, लिहायला बसण्याच्या आदल्या दिवशी, पंधरा-वीस कार्डं टेबलावर मांडून पुढे-मागे करणं याला तोड नाही. कार्डावर मी फक्त मुद्दा आणि झोटेरोतल्या नोंदीचं नाव लिहितो. प्रकरण झालं की ती टाकून देतो.

ऑब्सिडियन हे टिपणांचं सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. फायली साध्या मजकुराच्या आणि आपल्याच संगणकावर राहतात, ही त्याची फार मोठी जमेची बाजू. पण साधनांचे रकाने सगळे आपणच उभे करायचे, आणि माझा वेळ दुवे जोडण्यातच जाऊ लागला.

शेवटी तळटिपांचा मुद्दा उरतो आणि माझ्या मते तो लहान नाही. झोटेरो वर्ड आणि लिब्रेऑफिसला थेट जोडलं जातं, तळटीप दोन क्लिकमध्ये पडते. स्क्रिव्हनरमध्ये लिहायचं तर तीच गोष्ट वळसा घालून करावी लागते. ज्या पुस्तकाला तळटिपा थोड्या, मुलाखती आणि प्रवास जास्त, त्याला हा वळसा जाणवणार नाही, मग स्क्रिव्हनर खुशाल घ्या. दप्तरातल्या कागदांवर उभं राहणारं पुस्तक असेल तर मी झोटेरोकडेच बोट दाखवीन.

स्क्रिव्हनरची चाचणी आवृत्ती ३० दिवसांची आहे आणि त्यात फक्त वापरलेले दिवस मोजले जातात, त्यामुळे घाई नाही. दोन्हींत तुमचे सगळ्यात अडचणीचे कागद घालून बघा, एकाहून जास्त प्रकरणांना लागणारे. सोप्या कागदांवर दोन्ही सारखीच वाटतात.